उद्योगमंत्री साहेब, मोठ्यांना सवलत देण्याआधी त्यांनी छोट्यांची बिलं कधी दिली ते बघा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, तसंच उद्योग विभाग आणि एमआयडीसीतले सगळे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते आणि अकाउंट्सचं काम करते, सीए नाहीये पण वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे या भागातल्या छोट्या वर्कशॉपची खाती बरीच वर्षं माझ्या हातून जातायत. टर्निंग-मिलिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, रबर मोल्डिंगवाले, एखादा पॅकेजिंगचा, बहुतेकांकडे पाच ते वीस माणसं कामाला. यांची बिलं, जीएसटी, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, पगार, पीएफ सगळं मी बघते त्यामुळे पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो हे मला दर महिन्याला दिसतं. आणि जे दिसतंय ते मंत्रालयापर्यंत पोचत नाहीये असं वाटायला लागलं म्हणून हे पत्र, तेही खुलं, कारण हे माझ्या एकटीचं गाऱ्हाणं नाही.

दर जानेवारीत दावोसहून गुंतवणुकीचे आकडे येतात. 2025 साली तर महाराष्ट्राने 15 लाख कोटींच्या वरचे करार केले, आनंदाची गोष्ट आहे, कोणाला नको आहे? पण त्या बातम्या आल्या की आमच्याकडे गाळ्यागाळ्यात एकच वाद सुरू होतो, की सरकारने जोर कुठे लावायचा, मोठ्या कंपन्यांवर की छोट्या धंद्यांवर. लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. माझं मत स्पष्ट आहे, छोट्यांवर, आणि ते छोट्यांची दया येते म्हणून नाही तर मी खाती बघते म्हणून आहे. आत्ता जे चाललंय त्यात छोटा कारखानदारच मोठ्या कंपनीत गुंतवणूक करतोय, बिनव्याजी, त्याला कोणी न विचारता, आणि सरकार त्याच कंपनीला वरून प्रोत्साहन देतंय. हे उलटं चाललंय आणि हे बदलणं बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे.

कसं ते सांगते. वागळेत दोन भावांची पार्टनरशिप आहे, नाव देत नाही कारण नाव दिलं तर ऑर्डर जाईल. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि वडिलांच्या वेळची एक लेथ जी अजून चालू आहे. स्टेनलेस स्टीलचे बुश आणि फ्लँज बनवतात, जवळजवळ सगळा माल एका मोठ्या कंपनीला. मटेरियलवाला यांना पंधरा दिवसांच्या वर उधारी देत नाही, बरेचदा आधी पैसे मग स्टीलचा बार. माल तयार झाला की चलन बनतं, टेम्पो जातो, गेटवर शिक्का पडतो. इथपर्यंत सगळं वेळेवर, कारण एक दिवस उशीर झाला तर पर्चेसमधून चार फोन येतात. पण गेटच्या आत गेला की माल थांबतो. स्टोअरला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) काढायला आठ-दहा दिवस, मग क्वालिटीवाले बघणार, मग बिल पासिंगला जाणार, आणि तिथून फोन येतो की मॅडम हे बिल या महिन्यात बसत नाहीये, पुढच्या महिन्याच्या तारखेचं पाठवा. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, तर छापलेलंच असतं, पेमेंट जीआरएनपासून 90 दिवस. म्हणजे माल गेल्यापासून चार महिने धरून चाला.

आता कायदा काय म्हणतो? 2006 चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीचा कायदा, कलम 15, पीओवर काहीही लिहिलेलं असू दे, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या वर मुदत देता येत नाही. आणि 15 दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरायचं. म्हणजे जीआरएन दहा दिवसांनी काढला, बिलाची तारीख बदलून घेतली, याने कायद्याचं घड्याळ थांबत नाही. हे त्या पर्चेसवाल्यालाही माहीत असतं आणि मलाही. तरी आम्ही तारीख बदलून देतो.

आता हिशेब करा. समजा महिन्याला 5 लाखांचा माल जातो. चार महिन्यांचं येणं म्हणजे 20 लाख कायम त्या कंपनीकडे पडून, एक बिल आलं की दुसरं जाऊन बसलं. यांची बँकेत सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) आहे, 11 टक्के व्याज धरा, वर्षाला 2 लाख 20 हजार झाले, महिन्याला 18 हजारांच्या वर. एका हेल्परचा पगार आहे तो. आणि इथे बँकेचं गणित अजून कळीचं आहे, कारण बँका साधारणपणे 90 दिवसांवरचं येणं ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे लिमिटमधून किती उचलता येईल त्या हिशेबात, धरतच नाहीत. म्हणजे कंपनीने पेमेंट लांबवलं की यांची लिमिटपण कमी होते, ज्या महिन्यात पैशाची सगळ्यात जास्त गरज असते त्याच महिन्यात. मी स्टॉक स्टेटमेंट बनवताना दर वेळी ते 90 दिवसांवरचं येणं वजा करते आणि दर वेळी समोर बसलेला माणूस विचारतो की मॅडम हे पैसे बुडालेले नाहीत ना, मग का कापता? बुडालेले नसतात. चांगली मोठी कंपनी असते, पैसे येणारच असतात, फक्त तिला सोयीचं असेल तेव्हा.

जीएसटीचं तर विचारू नका. 5 लाखांवर 18 टक्क्यांनी 90 हजार, हा कर यांनी पुढच्या महिन्यात भरायचा, बिलाचा एक रुपया आलेला नसताना. उशीर झाला तर 18 टक्क्यांनी व्याज. आणि समोरची कंपनी? आमचं बिल तिच्या पोर्टलवर दिसलं, माल पोचला, की ती त्या 90 हजारांचं क्रेडिट घेऊन, म्हणजे तेवढे स्वतःच्या करातून वजा करून, मोकळी, न भरलेल्या पैशांचं. तिने 180 दिवसांत आम्हाला पैसे दिले नाहीत तरच ते क्रेडिट उलटवावं लागतं. सहा महिने! आमच्या खिशातून भरलेल्या कराचा फायदा ती सहा महिने वापरू शकते. या 90 हजारांतला अर्धा राज्याचा हिस्सा असतो, तो तुमच्या तिजोरीत येतो, आणि सामूहिक प्रोत्साहन योजनेत मोठ्या प्रकल्पांना जे देता त्यात मुख्य भाग असतो राज्याच्या जीएसटीचा परतावा. एकीकडे लेथवाला सीसीतून कर भरतोय, दुसरीकडे मोठ्या प्रकल्पाला कर परत मिळतोय, तिजोरी एकच. मी हे पार्टनर लोकांना समजावून सांगते तेव्हा मला स्वतःला वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीत त्या दोघांतल्या थोरल्या भावाने बोनस द्यायला वहिनींच्या बांगड्या ठेवून गोल्ड लोन घेतलं. मी त्या दिवशी लेजर उघडून बसले होते, कंपनीकडून येणं त्या कर्जाच्या कितीतरी पट होतं आणि त्यातलं बरंचसं 45 दिवस ओलांडलेलं. माणसांना बोनस वेळेवर मिळाला. याला मी गुंतवणूक म्हणते साहेब, या माणसाने आपल्या घरातलं सोनं दुसऱ्याच्या ताळेबंदात घातलंय.

तुम्ही म्हणाल केंद्राने आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आणलंय ना. आणलंय, 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं आणि चांगल्या हेतूने आणलंय, छोट्यांना मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजावट म्हणून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. पण त्यातली फट बघा. जूनचं बिल मार्चमध्ये दिलं तरी आर्थिक वर्ष तेच, त्यामुळे वजावट पूर्ण मिळते. म्हणजे कायदा फक्त मार्चला चावतो. आम्हाला फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक पेमेंट यायला लागतात, कंपनीचे लोक स्वतः फोन करून उद्यम सर्टिफिकेट (छोटा उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचं) मागतात, आणि एप्रिल उजाडला की परत तेच 90 दिवस. वर सांगितलेल्या भावांना एकदा पर्चेसमधून सुचवलं गेलं की तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन काढून का टाकत नाही, म्हणजे आम्हाला त्रास नाही. संरक्षण सोडा, ऑर्डर ठेवा, असा त्याचा अर्थ.

व्याजाचाही हक्क आहे. कलम 16 प्रमाणे उशीर झालेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. कागदावर एवढं कडक व्याज सावकारही लावत नसेल. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात चालू ग्राहकाकडून हे व्याज मागितलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही, मागतात ते ज्यांचा धंदा त्या कंपनीशी संपलाय तेच. कारण उघड आहे, व्याज मागितलं की पुढचा पीओ शेजारच्या गाळ्यात जातो. त्यामुळे छोट्याने तक्रार केली तरच चालणारा कोणताही उपाय चालणार नाही. थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी सुविधा परिषद, ऑनलाइन तक्रारीचं पोर्टल, सगळं चांगलं आहे पण पहिलं पाऊल घाबरलेल्या माणसाने टाकायचं आहे. ट्रेड्स या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजाराचंही तेच. बिल तिथे चढवायचं, बँका कंपनीच्या पतीवर बोली लावणार, आम्हाला दोन-चार दिवसांत पैसे आणि कमी दराने, खरंच फार छान सोय आहे, 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीचीपण केलीय. पण नोंदणी सक्तीची आहे, बिल अ‍ॅक्सेप्ट करणं नाही. अ‍ॅक्सेप्ट केलं की तारीख पक्की होते, आणि नेमकी तीच त्यांना नको असते.

कराबद्दल एकच सांगते कारण तो विषय तुमच्याकडे नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा कर 22 टक्क्यांवर आला, अधिभार-उपकर धरून 25.17 टक्के, नवीन उत्पादन कंपन्यांना तर 15 टक्के मूळ दर दिला होता. पार्टनरशिप फर्म मात्र तेव्हाही 30 टक्के आणि आजही 30, उपकर धरून 31.2. वागळेतले ते दोन भाऊ ज्या कंपनीला माल देतात तिच्यापेक्षा जास्त दराने कर भरतात. राज्याने दिल्लीत हा मुद्दा जोरात मांडावा एवढीच अपेक्षा.

जागेचं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे ही तिची पहिली वसाहत. किसन नगर, लोकमान्य नगर, सावरकर नगर, इंदिरा नगर, हा सगळा भाग त्या कारखान्यांच्या पगारावर उभा राहिला, लोक चालत कामाला जायचे, दुपारी डबा घरून यायचा. आज वागळेत फिरा, काचेच्या इमारती जास्त आणि मशीनचे आवाज कमी. गाळा भाड्याने घ्यायचा तर भाडं आयटीवाल्याच्या दराने, आणि लेथवाला तो दर देऊ शकत नाही म्हणून तो भिवंडीला जातो, वसईला जातो, मुरबाडला जातो. मशीन ट्रकवर चढतात, माणसं चढत नाहीत. पन्नाशीचा फिटर रोज किसन नगरहून मुरबाडला नाही जाणार, तो मग कुठेतरी वॉचमन म्हणून लागतो. पंचवीस वर्षं मायक्रोमीटर धरलेला हात गेटवर रजिस्टर भरतो. हे मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

खाडीपलीकडे टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात डेटा सेंटर येतायत, ऐरोली, रबाळे, महापे सगळीकडे. मला त्यांच्याशी भांडण नाही, मोबाईल मीपण वापरते आणि पोर्टलपण कुठल्यातरी डेटा सेंटरवरच चालतं. पण तिथे गुंतवणूक हजारो कोटींची असते आणि बांधकाम संपलं की कायमची माणसं मोजकीच, वीज आणि पाणी मात्र भरपूर लागतं, आणि त्यांना विजेच्या शुल्कात सूटही दिली जाते. ठाणे-नवी मुंबई विकसित भाग म्हणून प्रोत्साहन योजनेच्या 'अ' गटात, त्यामुळे इथल्या छोट्या युनिटच्या वाट्याला त्या योजनेतलं फारसं काही येत नाही. मागास तालुक्यांना जास्त द्यायचं हे धोरण बरोबरच आहे, त्यावर वाद नाही. पण 'अ' गटात राहून मोठ्याला वेगळ्या धोरणातून वाट मिळते आणि छोट्याला मिळत नाही, हे बरोबर नाही. गुंतवणूक मोजताना कोटी मोजता तशी दर एकरी माणसंही मोजा, आणि ती गुंतवणूक दहा वर्षांनी त्या जागेवर असेल का हेही. पोखरण रोडला रेमंडच्या गिरणीच्या जागेवर आज टॉवर उभे आहेत. मोठा कारखाना गेला की त्याची जमीन सोन्याच्या भावाने जाते, पण त्याच्यावर जगणारे छोटे कारखाने असेच विझतात.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. मोठ्या कंपनीशिवाय माझ्या क्लायंटचा धंदाच नाही. फ्लँज कोणाला विकणार, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारा मोठाच लागतो. क्वालिटी, टेस्ट सर्टिफिकेट, ड्रॉइंग वाचायची शिस्त, हे सगळं छोट्यांनी मोठ्यांकडूनच शिकलंय. छोटे धंदे बुडतात हेही खरं, आणि दर वेळी कंपनीमुळेच बुडतात असं नाही, धंद्याचे पैसे काढून फ्लॅट बुक केला आणि मग मटेरियलला पैसे नाहीत असंही होतं. आणि हेपण लिहायलाच हवं की छोटे स्वतःपेक्षा छोट्याला तसंच वागवतात. कंपनीने चार महिने लावले की माझे क्लायंट हार्डनिंगवाल्याला, प्लेटिंगवाल्याला पाच महिने लावतात, तो आपल्या कामगाराचा ओव्हरटाइम मागे ठेवतो. पण म्हणूनच मी म्हणते की वरून सुरुवात करा. साखळीच्या वरच्या टोकाने 45 दिवस पाळले तर खाली प्लेटिंगवाल्यापर्यंत पैसा सरकतो, खालून कितीही अनुदान ओतलं तरी तो वर चढत नाही.

म्हणून मी अनुदान मागत नाहीये. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, मुद्रा आहे, विनातारण कर्जासाठी सीजीटीएमएसईची हमी 10 कोटींपर्यंत वाढलीय, योजना भरपूर आहेत. नवीन कर्ज घेऊन जुनं येणं भरून काढायचं, याला मदत नाही म्हणत. माणसाला त्याचेच पैसे वेळेवर मिळाले तर माझ्याकडच्या बऱ्याच जणांना सीसी लिमिट निम्मी पुरेल.

मागणी अशी आहे. राज्याकडून प्रोत्साहन घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने परताव्याचा हप्ता मागताना आपला एमएसएमई-1 फॉर्म सोबत जोडावा. हा फॉर्म नवीन नाही, 45 दिवसांवर ज्यांचं देणं थकलंय त्या कंपन्यांना तो 2019 पासून केंद्राच्या कंपनी निबंधकांकडे वर्षातून दोनदा भरावाच लागतो, कोणाचं किती थकलंय आणि का थकलंय ते त्यात असतं. म्हणजे माहिती गोळा करायचा खर्च शून्य. त्यात महाराष्ट्रातल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं थकलेलं देणं दिसलं तर तेवढं चुकतं होईपर्यंत हप्ता थांबवा, बस. तक्रार कोणी करायची गरज नाही, कोणाचं नाव पुढे यायची गरज नाही, पर्चेसच्या माणसाला राग कोणावर काढायचा तेच कळणार नाही. ज्या दिवशी कंपनीच्या फायनान्सवाल्याला कळेल की 20 लाख अडकवल्यामुळे काही कोटींचा परतावा अडकलाय, त्या दिवशी जीआरएन दोन दिवसांत निघेल, मी लिहून देते. नव्या करारांमध्येही हीच अट आधीच घाला, आणि कंपनी ट्रेड्सवर नुसती नोंदलेली नको, तिथे बिलं अ‍ॅक्सेप्ट करते का तेही विचारा.

हीच अट राज्याच्या महामंडळांना, महापालिकांना आणि सरकारी खात्यांनाही लावा, ते या कायद्यातून सुटलेले नाहीत. सुविधा परिषदेला कायद्याने 90 दिवसांत निकाल द्यायचाय, मग तिला पूर्णवेळ माणसं द्या. आणि एमआयडीसीने वागळे आणि टीटीसीत जिथे प्लॉट परत मिळतोय तिथे त्याचा लिलाव न करता बहुमजली गाळे बांधावेत, पूर्वी बांधायचीच ना, पाचशे-हजार फुटांचे, भाड्याने, फक्त उत्पादन करणाऱ्याला, पोटभाड्याला सक्त मनाई. खाली जड मशीन, वर असेंब्ली आणि पॅकिंग. कोणाला हवेत याची यादी करायला ठाण्यातल्या लघुउद्योजकांच्या संघटना आनंदाने मदत करतील.

यातल्या गाळ्यांना वेळ लागेल, समजू शकते. पण एमएसएमई-1 ची अट घालायला एक जीआर पुरतो, विधानसभेत जायची गरज नाही, केंद्राची परवानगी नको, बजेटमध्ये तरतूद नको. ऑक्टोबर ते मार्चचा फॉर्म कंपन्या 30 एप्रिलपर्यंत भरतात. त्याच्या आधी जीआर काढलात तर पहिला हिशेब याच वर्षीच्या फॉर्मवर घेता येईल.

आपली,
वागळे-रबाळेतल्या छोट्या वर्कशॉपची खाती लिहिणारी एक ठाणेकर